पाणी कुणाचं, ते आधी विचारा: मराठवाड्यात गळ टाकायला निघालेल्या नवख्यांसाठी

माझ्या पहिल्या मासेमारीत मी एक चिलापी धरली आणि मोटरसायकलची चावी घालवली. परभणी जिल्ह्यातलं एक तळं, सकाळी साडेसातची वेळ, काठावर चिटपाखरू नाही. मला वाटलं, जागा सापडली. चिलापी बादलीत पडून पाच मिनिटं झाली नसतील, तोवर मागून आवाज आला.

“काय करायलाव इथं?”

“मासे धरायलोय.”

“ते दिसायलंय. कुणाला इचारून?”

मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, सरकारी तळं आहे की. राखणदार हसला. “सरकारी हाय म्हणूनच ठेका हाय.” आणि गाडीची चावी काढून खिशात टाकली.

तासाभरानं तळ्याचा ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेचे चेअरमन आले. चावी परत दिली, चहा पाजला, वर असं काही ज्ञान दिलं की मला ते दहा यूट्यूब व्हिडिओंतून मिळालं नव्हतं. या लेखातलं निम्मं त्यांचं आहे.

आधी मालक शोधा, मग मासा

कोकणात खाडीच्या काठी बसून कुणी गळ टाकला तर सहसा कुणी विचारत नाही. आपल्याकडे तसं नाही. मराठवाड्यातलं पाणी मोजकं, आणि त्यातले बरेचसे मासे कुणीतरी पैसे मोजून सोडलेले असतात. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे नदीतले मासे. वाहत्या पाण्याशिवाय ते अंडी घालत नाहीत, म्हणून तळ्यात त्यांची पैदास आपोआप होत नाही. मत्स्यबीज केंद्रातून आणलेली बोटभर लांबीची पिल्लं, म्हणजे बोटुकली, दर पावसाळ्यात तळ्यात सोडावी लागतात. तुमच्या गळाला लागलेला कटला म्हणजे भोई समाजाच्या कुणा कुटुंबाचं वर्षभराचं भांडवल असू शकतं. हे एकदा कळलं की राखणदाराचा राग येत नाही.

कुठलं पाणी कुणाचं, त्याचा ढोबळ हिशेब असा. गावतळं ग्रामपंचायतीचं. पाझर तलाव आणि लहान सिंचन तलाव बहुधा जिल्हा परिषदेचे. मध्यम आणि मोठी धरणं जलसंपदा विभागाची, पण त्यातला मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्यानं दिला जातो, बहुतेक वेळा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला. शेततळं शेतकऱ्याचं, त्यात वादच नाही. नदीवरच्या बंधाऱ्यामागचं पाणीही ठेक्यात असू शकतं.

चौकशी अवघड नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचं कार्यालय असतं. अमुक तलावाचा ठेका कुणाकडे आणि कधीपर्यंत, हे तिथे कळतं. तेवढं लांब जायचं नसेल तर तळ्याजवळच्या गावातल्या चहाच्या टपरीवर विचारा. संस्थेचा चेअरमन कोण, त्याचा राखणदार कोण आणि दोघांचं सध्या पटतं की नाही, इथपर्यंत माहिती मिळते.

चेअरमन भेटले की तीन गोष्टी विचारा. गळाला परवानगी आहे का आणि दिवसाचे पैसे किती. पैसे देणार असाल तर पावती मागा. पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवता का. आणि बोटुकली शेवटची कधी सोडली. हा तिसरा प्रश्न नवखा माणूस विचारत नाही, पण खरा कामाचा तोच. चांगलं खाद्य मिळालं तर रोहू-कटला वर्षभरात किलोच्या आसपास जातो. गेल्या महिन्यातच बोटुकली सोडलेल्या तळ्यावर दिवसभर बसलात तर बोटाएवढे मासे तेवढे तुमचं आमिष कुरतडत राहतील.

कायदा, कामापुरता

मासेमारी हा राज्याच्या अखत्यारीतला विषय. महाराष्ट्रात गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी 1960 चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम आहे, आणि त्याच्याही आधीपासून, 1897 पासून, भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानं सुरुंग उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं गुन्हा ठरवलेला आहे. विहिरीच्या कामातली उरलेली जिलेटिनची कांडी, ब्लीचिंग पावडर हे सगळं त्यात आलं. विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणारे महाभाग आजही आहेत. असा कुणी दिसला तर लांब राहा, ओल्या काठावरसुद्धा थांबू नका.

दरवर्षी टीव्हीवर सांगतात की 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. ती बंदी समुद्रातली. आपल्या तळ्यांना ती लागू नाही, पण म्हणून रान मोकळं असंही नाही. ठेक्याच्या अटींत पावसाळी बंदी असू शकते, आणि ती असो वा नसो, जून ते ऑगस्टमध्ये ओढ्याच्या तोंडाशी गळ घेऊन बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलं गढूळ पाणी वाहायला लागलं की पोटात अंडी घेऊन मासे प्रवाहाविरुद्ध वर सरकतात. हेच ते चढणीचे मासे. एका मोठ्या रोहूच्या मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. आणि आपल्याकडे नेमका त्याच सुमारास मृग लागतो. मृगाला मासे खायचेच म्हणून बाजारात झुंबड उडते. तो मासा तळ्यात वाढवलेला असेल तर जरूर खा. चढणीचा असेल तर निदान आपल्या हातानं मारू नका.

मरळीचं प्रकरण आणखी निराळं. पावसाळ्यात काठाजवळ, गवताच्या सावलीत कधीकधी पाण्यावर लालसर-नारिंगी ठिपक्यांचा पुंजका हलताना दिसतो. पुंजका अख्खाच्या अख्खा वर येतो, क्षणभर श्वास घेतो आणि खाली जातो. ती मरळीची पिल्लं. त्यांच्या हातभर खाली आई-बाप राखण करत असतात, आणि पुंजक्याजवळ पडलेल्या कशावरही झडप घालतात. म्हणूनच ती मरळ धरणं सोपं असतं, आणि म्हणूनच धरू नये. राखणारे गेले की तासाभरात बाकीचे मासे पिल्लं फस्त करतात.

थाई मांगूर हा बाहेरून आलेला मासा पाळायला आणि विकायला देशात बंदी आहे. गळाला लागलाच तर दया दाखवून परत पाण्यात सोडू नका, तो तळ्यातले बाकीचे मासे खातो. कासव लागलं तर मात्र उलट. आपल्या तळ्यांत आढळणारं मऊ पाठीचं कासव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. घरी नेणं सोडा, गंमत म्हणून फोटोसाठी डांबून ठेवणंही महागात पडेल. गळ खोल गेला असेल तर तो ओढू नका. दोरी तोंडाजवळ कापा आणि कासव सोडून द्या.

कुठे जाऊ नये

मराठवाड्यात मासे म्हटलं की सगळ्यांना पैठण आठवतं. 1976 मध्ये पूर्ण झालेलं जायकवाडी धरण, 27 दरवाजे, 102 टीएमसीचा नाथसागर. पण नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. थंडीत लांबून येणारे पक्षी उतरतात ते त्याच्याच उथळ काठांवर, म्हणजे नवखा माणूस नेमका जिथे बसेल तिथेच. तिथे जायचंच तर दुर्बीण घेऊन जा, गळ घरी ठेवा. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याच अभयारण्यात गळ टाकू नये. कन्नडजवळच्या गौताळ्यातल्या तळ्यांनाही तेच लागू. छत्रपती संभाजीनगर शहरातलं सलीम अली सरोवर पक्ष्यांसाठी राखलेलं आहे.

धरणाची भिंत, दरवाजे आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीचा परिसर सगळीकडेच बंद. देवस्थानाच्या डोहातले आणि घाटावरचे मासे देवाचे. तिथे कायदा काय म्हणतो याची वाट बघू नका.

शहराखालची नदी हाही एक मोह. सांडपाण्यावर मासे भरपूर पोसतात, चिलापी तर हमखास लागते. छत्रपती संभाजीनगरात खाम नदीत किंवा कुठल्याही मोठ्या शहराचा नाला नदीला मिळतो त्याच्या खाली धरलेला मासा मी मांजरालाही घालणार नाही.

मग जावं कुठे

सुरुवात शेततळ्यापासून करा, हा माझा हट्टाचा सल्ला आहे. मराठवाड्यात शिवारोशिवारी शेततळी झाली आहेत, आणि बरेच शेतकरी त्यात रोहू, कटला, सायप्रिनस (कॉमन कार्प) सोडतात. ओळखीतून विचारा: गळानं धरतो, किलोच्या भावानं पैसे देतो. फार कमी लोक नाही म्हणतात. मालक एकच, मासा आहे हे नक्की, आणि हात बसायला पाणी शांत. फक्त एक धोका आहे, तो पुढे सांगतो.

त्यानंतर कोल्हापुरी बंधारे, ज्यांना गावात सगळे केटी म्हणतात. पावसाळा सरताना त्यांचे दरवाजे बसवतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. त्यामुळे साधारण दसऱ्यापासून होळीपर्यंत बंधाऱ्यामागे लांबट, अरुंद आणि काठावरून गळ पोचेल असं पाणी असतं. दुधना, पूर्णा, मांजरा, तेरणा, सिंदफणा या नद्यांवर असे बंधारे पुष्कळ आहेत. तिथे वाम, शिंगाडा, मरळ असे मूळचे नदीतले मासे मिळतात. मला हीच जागा सगळ्यांत आवडते.

मोठी धरणं शेवटी. सिंदफणेवरचं माजलगाव, मांजरेवरचं धनेगाव, पूर्णेवरचं येलदरी आणि त्याच्या खालचं सिद्धेश्वर, पैनगंगेवरचं इसापूर, सेलूजवळचं निम्न दुधना, लोहारा तालुक्यातलं माकणीचं निम्न तेरणा. यांत भरपूर मासा आहे, पण काठावर बसलेल्या माणसापासून तो लांब आहे. संस्थेचे लोक थर्माकोलवर बसून नाहीतर होडीनं आत जातात. तुम्ही धरणाच्या भिंतीपाशी न जाता फुगवट्याच्या टोकाला जा, म्हणजे नदी किंवा ओढा जिथे जलाशयात शिरतो तिथे.

निवडताना एकच खबरदारी: ते पाणी गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत आटलं होतं का, ते विचारा. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मांजरा धरणाच्या पात्राला भेगा पडल्या होत्या. आटलेलं तळं पुन्हा भरतं, पण त्यात मोठा मासा दिसायला दोन-तीन वर्षं जातात. मोठ्या धरणांच्या पाणीसाठ्याची टक्केवारी स्थानिक वर्तमानपत्रांत येत असते. मासेमारीसाठी मी रोज वाचतो तेवढा एकच तक्ता.

काठ वाचायला शिका

पोचल्या पोचल्या गळ काढू नका. दहा मिनिटं नुसतं बसा.

बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे एका रांगेत तरंगताना दिसले तर ते कुणाचं तरी जाळं आहे, त्यापासून लांब. खंड्या एकाच फांदीवर परत परत येत असेल तर खाली बारीक मासा आहे, आणि बारीक मासा तिथे त्याच्यामागे मोठा. काठाजवळ तळातून बारीक बुडबुड्यांची ओळ सरकताना दिसली तर सायप्रिनस गाळ उकरत चाललाय. बेशरमाची झुडपं पाण्यात उतरलेली असतील तर त्यांच्या कडेला चिलापी आणि मरळ दबा धरून असतात. धरणाच्या पाण्यात बुडालेल्या बाभळींचे शेंडे दिसतात तीही चांगली जागा, फक्त तिथे गळ अडकून तुटायची तयारी ठेवा.

वारा कुठल्या काठाला लाट मारतोय ते बघा. तरंगणारं खाद्य त्या बाजूला गोळा होतं आणि मासेही. तोंडावर वारा घेऊन बसणं त्रासाचं, म्हणून लोक उलट्या काठाला बसतात आणि रिकाम्या हातानं परत जातात. मीही दोन वर्षं तेच केलं.

वेळ पहाटेची आणि दिवस मावळतीची. थंडीत मात्र फार लवकर जाऊन कुडकुडू नका. उन्हानं काठचं पाणी थोडं कोमट झालं की, नऊ-दहाच्या सुमारास, मासा हलतो. एप्रिल-मेच्या दुपारी तो खोल पाण्यात जातो आणि तुम्ही झाडाखाली जावं.

सामान आणि आमिष

पहिल्याच दिवशी महागडा रॉड आणि रीळ घेऊ नका. बांबूची सात-आठ हाताची लवचिक काठी, तेवढीच तंगूस, एक बूच, शिशाचा छोटा तुकडा आणि लहान-मध्यम गळांचं एक पाकीट एवढ्यावर वर्ष निघतं. गाठ मारताना दोरी गळाच्या डोळ्यातून ओवा, मूळ दोरीभोवती पाच-सहा पीळ द्या, टोक गळाजवळच्या फासातून काढा आणि ओढण्याआधी थुंकी लावा. कोरडी तंगूस घासून तापते आणि नेमकी तिथेच तुटते. गाठ बसली की दोन्ही हातांनी जोरात ओढून बघा. गाठ तुटायचीच असेल तर घरी तुटू द्या.

गळ किती खोल सोडायचा ते मासा ठरवतो. कटला वरच्या थरात चरतो, त्याचं तोंडही वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात. मृगळ आणि सायप्रिनस तळाला. बूच वर-खाली सरकवून हे साधतं. गवत्या (ग्रास कार्प) घास, पालेभाजी खातो. चांदेऱ्याच्या (सिल्व्हर कार्प) नादी लागू नका, तो पाण्यातलं अतिसूक्ष्म अन्न गाळून खातो, गळाकडे फारसा बघतही नाही.

आमिषाचा माझा नेहमीचा गोळा असा: दोन मुठी कणीक, एक मूठ शेंगदाण्याची पेंड, सुपारीएवढा गूळ. घट्ट मळायचं आणि त्यात सरकी काढलेला कापूस बारीक पिंजून मिसळायचा, फार नाही, चिमूटभर. कापसाचे धागे कणकेला धरून ठेवतात. नाहीतर नुसता गोळा पाच मिनिटांत विरघळतो आणि तुम्ही रिकाम्या गळाकडे अर्धा तास बघत बसता. वाम, देशी मांगूर, मरळीला गांडूळ. ते उकिरड्याच्या कडेला किंवा न्हाणीच्या सांडपाण्याजवळच्या ओल्या मातीत मिळतं.

बूच थरथरलं म्हणून ओढू नका, ती चिलापीची चाटाचाट असते. बूच तिरकं होऊन सरकायला लागलं किंवा सरळ बुडालं की मनगटानं छोटा झटका द्या. खांद्यातून ओढलंत तर गळ माशाच्या तोंडातून निसटून मागच्या बाभळीत जातो.

जीव सांभाळून

शेततळ्याचा धोका म्हणालो तो हा. त्याच्या उतरत्या कडांना प्लास्टिक अंथरलेलं असतं आणि त्यावर शेवाळाचा थर असतो. एकदा पाय घसरून माणूस आत गेला की पट्टीचा पोहणारासुद्धा वर येऊ शकत नाही, हाताला धरायला काहीच नसतं. वाचवायला उतरलेला दुसराही अडकतो. म्हणून एकट्यानं जाऊ नका. काठावरच्या खांबाला किंवा झाडाला जाड दोर बांधून त्याचं टोक पाण्यात सोडा, मगच गळ उघडा. लेकरं बरोबर असतील तर हवा भरलेली ट्यूबही ठेवा.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकतं तेव्हा उघडा पडलेला काळा गाळ वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो. आत तो लापशीसारखा असतो. काठीनं टोचत पुढे जा. काठी सहज आत गेली तर तिथून मागे फिरा.

वळवाचं आभाळ दाटलं की काठी खाली ठेवून काठापासून दूर जा, पण झाडाखाली नको. मराठवाड्यात मे-जूनमध्ये वीज पडून माणसं जातात, आणि मोकळ्या काठावर उंच काठी धरलेला माणूस म्हणजे तिला आमंत्रणच. पावसाळ्यात धरणाखालच्या पात्रात उतरू नका. वर ऊन असलं तरी लांबच्या पावसानं दरवाजे उघडतात. भोंगा ऐकू आला तर सामान तिथेच टाका आणि चढ गाठा.

मासा लागल्यावर

अर्ध्या किलोच्या आतला रोहू, कटला, मृगळ मी परत सोडतो. हात ओले करून धरायचा, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही, आणि फेकायचा नाही, पाण्यात हात घालून सोडायचा. चिलापी कितीही लहान असली तरी न्या, ती आटोक्यात ठेवणं तळ्याच्याच भल्याचं. शिंगाड्याच्या आणि मांगुराच्या कल्ल्यांमागच्या काट्यांना जपा, टोचला तर हात संध्याकाळपर्यंत ठणकतो. तुटलेली तंगूस खिशात घाला. काठावर टाकली तर ती बगळ्याच्या पायात नाहीतर शेळीच्या पोटात जाते.

तळ्याच्या माशाला मातीचा वास असतो. साफ केल्यावर तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवा, धुऊन घ्या, मग काळ्या मसाल्याचा रस्सा करा. मृगळाच्या मांसात बारीक दुहेरी काटे फार असतात. घरात पहिल्यांदाच मासा खाणारं लेकरू असेल तर त्याच्या ताटात मरळीचा तुकडा वाढा.